खोकल्याचं फूल

मंगळवारी सकाळी वैजयंता दिवटेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली फुलं पांढरी होती. शुक्रवारी ती चहाचं आधण ठेवायला आली, तेव्हा प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक जांभळा पट्टा उतरला होता. कडा पांढऱ्या आणि मध्ये जांभळं, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं.

तिनं गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा श्रीपती चपला पायात सरकवत खोकत होता.

"आज कारखान्यावर जायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"फूल बघा."

श्रीपती आत येऊन खिडकीशी उभा राहिला. तो जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. इचलकरंजीत मागाशेजारी आयुष्य काढलेला माणूस खोकतोच. 'छातीत सूत गेलंय' म्हणायचं आणि कामाला लागायचं, ही गावाची रीत. दोन महिने दोघंही तेच म्हणत होते.

त्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या यंत्रानं त्याची थुंकी चाळीस मिनिटांत तपासून दिली. क्षय होता, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी तीन महिन्यांनी आला असता तर वेगळं बोलले असते. चार महिने गोळ्या घ्या, एकही चुकवू नका."

श्रीपतीनं एकही चुकवली नाही. पाचव्या महिन्यात तो पुन्हा कामावर गेला.

ही गोष्ट २०४१ सालची. सरकारनं त्या वर्षी गावात दोनशे झाडं वाटली होती, त्यातलं एक वैजयंताकडं आलं होतं. कागदावर त्यांचं नाव 'निदर्शिनी-४', पण गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं 'खोकल्याचं फूल' करून टाकलं. क्षयाचे जंतू फुप्फुसात वाढताना एक वास सोडतात. तो इतका विरळ असतो की माणसाच्या नाकाला पत्ताच लागत नाही. कोल्हापूरच्या पंचगंगा वनस्पती प्रयोगशाळेनं तो वास धरणारं एक प्रथिन झाडात बसवलं. वास पेशीपर्यंत पोचला, की एरवी बंद असलेलं जांभळ्या रंगाचं काम पाकळीत सुरू होतं आणि तीन-चार दिवसांत पट्टा दिसतो. झाड निवडलं तेही विचार करूनच. आफ्रिकन व्हायोलेटच्या गोतावळ्यातलं, त्याच्या एका चुलत भावंडाशी संकर करून केलेलं. ऊन नको, थोडा उजेड पुरे, माणसाच्या उशाशी सुखानं जगणार आणि बारा महिने फुलणार. थुंकी तपासायचं यंत्र गावात होतंच, पण त्याच्यापुढं जाऊन उभं राहणार कोण? फूल मात्र न बोलावता घरात बसून सांगत होतं.

वैजयंताला या गोतावळ्याची ओळख नव्यानं करून घ्यावी लागली नाही. एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं परिचर होती. तिथल्या उत्तरेच्या खिडकीत तिची पन्नासेक झाडं होती. लांब पानांचं स्ट्रेप्टोकार्पस, तांबूस मखमली एपिशिया, कंदातून दरवर्षी उठणारं ग्लॉक्सिनिया. पानांवर पाणी पडलेलं यांना खपत नाही, म्हणून कुंडीच्या तळातून सुताची वात काढून ती खालच्या डबीतल्या पाण्यात सोडायची. झाड हवं तेवढं पिऊन घ्यायचं. आणि रोपं करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. देठासकट पान घ्यायचं, देठ तिरका कापायचा, ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, बोटाच्या पेरभर खोचायचा, वरून मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घालायचा. तीन आठवड्यांत मुळं आणि दोन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं.

श्रीपती बरा झाला, त्या महिन्यात तिनं खोकल्याच्या फुलाचं पहिलं पान तोडलं.

झाडासोबत आलेल्या कार्डावर शेवटून दुसरी ओळ होती: 'पानापासून अभिवृद्धी करू नये.' तिनं ती वाचली होती. हे सगळे असंच लिहितात, आपलंच झाड खपावं म्हणून, असं तिला वाटलं. गावात अडीच लाख माणसं आणि झाडं दोनशे. पुढच्या झाडासाठी दोन वर्षांची यादी. आणि तिच्या खिडकीत पानं तर होतीच.

वर्षभरात तिनं एक्केचाळीस घरांत झाडं दिली. एकाही घरातून काही घेतलं नाही.

पहिलं झाड मेहरून मोमीनला दिलं. दोघींची मैत्री पंचवीस वर्षांची. मेहरून वहिफणीचं काम करायची, मागाच्या फणीतून हजारो धागे एकेक करून ओवायचे. नवरा गेल्यावर त्याच कामावर तिनं मुलगा वाढवला. मुलगा अल्ताफ आता सव्वीस वर्षांचा होता, सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कामाला, आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं.

त्या पावसाळ्यात मेहरून खोकायला लागली.

"तपासून घ्यावं का गं?" तिनं एकदा विचारलं.

वैजयंतानं तिच्या खिडकीतल्या फुलाकडं बघितलं. शुभ्र पांढरं होतं. "फूल पांढरं हाय की. सुताचाच खोकला असणार. काढा घे आणि चार दिवस घरी बस."

मेहरूननं काढा घेतला. दिवाळीनंतर एका दुपारी कामावर तिला ओकारीसारखा खोकला आला आणि समोरच्या पांढऱ्या ताण्यावर, मागाच्या उभ्या धाग्यांवर, रक्त पडलं.

* * *

दवाखान्यात मेहरूनच्या उजव्या फुप्फुसाचा फोटो दाखवला, तेव्हा वैजयंता अल्ताफशेजारी उभी होती. वरचा तिसरा हिस्सा गेला होता. औषधानं जंतू मरतील, पण गेलेली जागा परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आजार किमान सहा महिने जुना असावा.

सहा महिने. वैजयंता तिथून थेट मेहरूनच्या घरी गेली. शेजारणीनं कुलूप उघडून दिलं. पलंगाच्या उशाशी, खिडकीत झाड होतं. ताजी टवटवीत अकरा फुलं, आणि एकाही पाकळीवर जांभळ्याचा टिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली. मेहरूनचं झाड एका पिशवीत आणि खिडकीतलं मूळ झाड दुसऱ्या पिशवीत घेऊन ती कोल्हापूरच्या एसटीत बसली.

पंचगंगा प्रयोगशाळेत तिला दोन तास बसवून ठेवलं. मग डॉ. सन्मती शेडबाळे स्वतः बाहेर आले. ज्या चमूनं हे झाड घडवलं, त्याचे ते प्रमुख. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. तिचं सगळं बोलणं त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं. मग दोन्ही झाडं दोन काचेच्या पेट्यांत ठेवली आणि प्रत्येक पेटीत एका कुपीतून दोन-दोन थेंब टाकले.

"हा तोच वास. प्रयोगशाळेत बनवलेला, जंतू नाहीत यात. चार दिवसांनी या."

चौथ्या दिवशी मूळ झाडाच्या फुलांवर जांभळी भिरभिरी उमटली होती. शेजारच्या पेटीतलं झाड पांढरं होतं.

"माझ्या हातून काय बिघडलं?" तिनं विचारलं.

"तुमच्या हातून रोप अगदी उत्तम झालंय. पण हे झाड एका पदराचं नाही." त्यांनी झाडाच्या शेंड्याकडं बोट केलं. "पुरणपोळी करता ना? बाहेर पीठ, आत पुरण. या झाडाची वाढणारी टोकं तशी आहेत. आम्ही ते प्रथिन आधी सगळ्या झाडात बसवलं होतं. पण बाहेरच्या कातडीत ते असलं की विडीच्या धुरालाही झाड रंगायचं, रोज खोटी हाकाटी. हजारो रोपांत एक असं निघालं, की ज्याच्या आतल्या थरात प्रथिन होतं आणि कातडीत नव्हतं. ते बरोबर बोलायचं. म्हणून पट्टा पाकळीच्या मध्येच उमटतो. कडेला नुसती कातडी असते."

"आणि पान लावलं की?"

"पानाच्या देठातून जी पिल्लं फुटतात ती कातडीच्या पेशींतून फुटतात. पोळी मिळते, पुरण मिळत नाही. दिसायला तेच झाड. पण आंधळं."

वैजयंतानं पिशवीतून झाडासोबत आलेलं कार्ड काढलं.

"कार्डावर लिहिलं होतं आम्ही," शेडबाळे म्हणाले.

"करू नये एवढं लिहिलं होतं. का करू नये ते लिहिलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर मी एक पान तोडलं नसतं, साहेब." तिचा आवाज चढला नाही. "मी वाचूनसुद्धा तोडलं, ती चूक माझीच. पण तेवढी ओळ तुम्ही लिहायला हवी होती."

शेडबाळ्यांनी चष्मा काढून पुसला. "हो," ते म्हणाले. "हवी होती."

उठताना तिनं विचारलं, "मग तुम्ही रोपं करता कशी?"

"खोडाच्या बुडाशी कधीमधी बाजूचा फुटवा येतो, तो काढून. त्यात सगळे थर असतात. पण झाड वर्षात एखाद-दुसराच फुटवा देतं. म्हणून तर दोनशे झाडं. दुसरा एक मार्ग आहे, फुलाच्या दांडीचा. दांडीवर दोन बारीक पानं असतात, त्यांच्या काखेत झोपलेले डोळे असतात. त्यांतही सगळे थर असतात. पण दांडी नाजूक. आमच्याकडे दहातल्या नऊ कुजतात. त्यावर वेळ घालवायला माणूस नाही."

* * *

"सांगू नकोस," श्रीपती म्हणाला.

जेवण झालं होतं. ती एक्केचाळीस नावं कागदावर उतरवत होती.

"मी चोरून ठेव म्हणत नाही. लोकांना आपसूक तपासायला पाठव. आरोग्य केंद्राचं शिबिर हाय म्हणून सांग. झाडं खोटी हायत म्हणालीस, तर सरकारच्या खऱ्या झाडांवरचाबी विश्वास उडंल. मी त्याच झाडानं वाचलोय, वैजू."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच तिनं पेन खाली ठेवलं. "शिबिराला आले तर आले. न आलेला माणूस घरी जाऊन पांढऱ्या फुलाकडं बघणार आणि निवांत झोपणार. मेहरून तशीच झोपली होती. मीच झोपवलं तिला."

"लोक तोंडावर बोलतील."

"बोलू देत."

श्रीपतीनं कागद ओढून घेतला, नावं वाचली. "गावभागातली सात घरं माझ्या ओळखीची हायत. तिथं मी येतो."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती निघायची. पिशवीत लाल सुताचं बंडल. प्रत्येक दारात तीच वाक्यं: मी दिलेलं झाड काम करत नाही. चूक माझी आहे. सरकारनं दिलेली झाडं खरी आहेत, माझी नाहीत. घरातल्या सगळ्यांनी या आठवड्यात थुंकी तपासून घ्या. मग झाडाच्या खोडाला लाल सूत बांधायचं. झाड ठेवा, शोभेचं म्हणून ठेवा, पण हे सूत सोडू नका.

कुणी चहा विचारला, कुणी नुसतं हं म्हणालं. एका घरातल्या आजोबांनी झाड परत द्यायला नकार दिला, ती ते मागतच नव्हती तरी. एका बाईनं गल्लीतल्या चार जणींना गोळा केलं आणि त्यांच्यासमोर विचारलं, "शाळेत डॉक्टरीण झालीस काय गं तू? कुणी सांगितली होती ही समाजसेवा?" वैजयंतानं ऐकून घेतलं आणि बोलणं संपल्यावर म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या खोकणाऱ्या सासऱ्यांना उद्या घेऊन चला. मी रिक्षा सांगितलीय."

सासरे गेले. त्यांना काही नव्हतं. पण दुसऱ्या दोन घरांत निघालं, एका म्हाताऱ्या विणकराला आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला. दोघांची झाडं पांढरी होती. दोघंही वेळेत सापडले.

पंधरा दिवसांत चाळीस घरं झाली. उरलं एक.

मेहरून घरी आली होती. दारात अल्ताफ उभा राहिला. लहानपणी तो वैजयंताच्या प्रयोगशाळेत येऊन चुंबकाशी खेळायचा. आता त्यानं चौकटीत हात आडवा धरला.

"अम्मी झोपलीय."

"मी तिला उठवत नाही. तुझ्यासाठी आलेय. एका घरात राहता, तुझी थुंकी तपासायला हवी."

"मावशी, तुमच्या फुलानं माझ्या आईचं फुप्फुस खाल्लं. तुम्ही तिला म्हणालात, सुताचा खोकला हाय. आणि आता मला सांगायला आलाय काय करायचं ते?" त्यानं आतल्या खोलीकडं बघून आवाज खाली आणला. "मला काय झालं न्हाई. पुढच्या महिन्यात साखरपुडा हाय. माझं नाव त्या केंद्राच्या यादीत गेलं तर मुलीकडचे काय म्हणतील? जावा तुम्ही."

त्यानं दार लावलं. तिनं दाराबाहेरूनच सांगितलं, "मी पुन्हा येईन." आणि ती दर रविवारी गेली. दार दर रविवारी बंद राहिलं.

* * *

दरम्यान शाळेतल्या उत्तरेच्या खिडकीत दांड्यांचं काम सुरू झालं होतं.

मूळ झाडाची दांडी ती फुलं पूर्ण उमलायच्या आत कापायची. कळ्या काढून टाकायच्या. दोन बारीक पानांच्या खाली बोटभर दांडी ठेवून ती ओल्या कोकोपीटमध्ये, पानं पृष्ठभागाला टेकतील अशी बसवायची. पहिल्या खेपेला शेडबाळ्यांनीही त्यांच्याकडच्या दांड्या पाठवल्या आणि मिळून तीस झाल्या. सव्वीस कुजल्या. उरलेल्या चार सुकल्या.

तिनं डबे उघडून दांड्या एकेक करून उलट्यासुलट्या पाहिल्या. कूज कापाच्या तोंडापासून वर चढत होती. म्हणजे ओल जास्त. दुसऱ्या खेपेला तिनं कोकोपीट अर्धं केलं आणि अर्धं परलाइट घातलं, त्या पांढऱ्या हलक्या दाण्यांमुळं पाणी साचून राहत नाही. काप घेतल्यावर दांड्या दोन तास तशाच सुकू दिल्या. डब्यांना तापल्या सुईनं भोकं पाडली. दोघांकडच्या मिळून बावीस दांड्या लावल्या. तीन आठवडे काहीच झालं नाही, पण कुजलीही एकच. सहाव्या आठवड्यात एका काखेत हिरवी टोचणी दिसली. मग आणखी एक. शेवटी नऊ.

शेडबाळे स्वतः शाळेत ते बघायला आले. खिडकीशी वाकून त्यांनी नऊच्या नऊ डबे पाहिले.

"बावीसातले नऊ," ते म्हणाले. "दांड्या मीच दिल्या, पण नियमानं मला हे थांबवायला हवं. बाहेर कुणी रोपं करायची नाहीत असं आहे."

"थांबवा," वैजयंता म्हणाली. "पण मग तुमच्याकडे कुणाला तरी बसवा आणि हे शिकवायला मला बोलवा. कुणी का करेना, रोपं व्हायला हवीत. आणि माझ्या हातातून एकसुद्धा झाड तपासल्याशिवाय आता बाहेर जाणार नाही. ती कुपी मला हवी."

शेडबाळे परत गेले आणि तीन आठवड्यांनी परवानगीचा कागद घेऊन आले. लागवड शाळेत, चाचणी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली. कार्ड नव्यानं छापलं होतं. पानापासून रोप का करायचं नाही, ते त्यात पाच साध्या वाक्यांत होतं. पोळी आणि पुरणही होतं.

रोपं फुलायला आणखी चार महिने लागले. नऊ रोपं काचेखाली ठेवून थेंब टाकले. चौथ्या दिवशी आठांवर पट्टे आले, नववं पांढरंच राहिलं. त्याच्या खोडाला तिनं लाल सूत बांधलं. आठांना नव्या कळ्या येईपर्यंत थांबायचं होतं, कारण रंगलेलं फूल पुन्हा पांढरं होत नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी, मधल्या सुट्टीनंतर मेहरून शाळेतल्या प्रयोगशाळेच्या दारात आली. वाळली होती. जिना चढल्यानं धाप लागली होती. वैजयंतानं स्टूल पुढं केलं.

"अल्ताफ दार उघडत न्हाई ते मला ठाव हाय," मेहरून म्हणाली. "मी त्याला उघड म्हटलं न्हाई, तेबी खरं हाय."

"मेहरून, मी—"

"थांब. बोलू दे मला, दम कमी पडतोय. तू मला खोटं सांगितलं न्हाईस. तुला ठाव नव्हतं. पण ठाव नसताना तू खात्रीनं सांगितलंस. त्याचा राग हाय. तो अजून गेला न्हाई, जाईल तवा जाईल." तिनं श्वास घेतला. "माझी थुंकी चार महिने साफ येतीय. पण अल्ताफ रात्रीचा घामानं भिजायला लागलाय. उशी बदलतो आणि मला कळू देत न्हाई. साखरपुडा झालाय, लग्न शाबानच्या महिन्यात. मी म्हणतेय तपास, तर उठून जातोय. मला एक खरं झाड दे."

वैजयंतानं खिडकीतलं सगळ्यात दणकट रोप उचललं. दोन नवी फुलं पांढरी उमलली होती. देण्याआधी तिनं ते तपासाच्या नोंदीसकट मेहरूनसमोर ठेवलं. "हे नऊ दिवसांपूर्वी माझ्यासमोर रंगलं होतं. ती फुलं मी काढली. तरीसुद्धा ऐक, हे पांढरं राहिलं तर काही नाही असं समजू नकोस. घामाला कारण लागतं. पांढरं राहिलं तरी त्याला तपासायलाच हवं."

"आणि रंगलं तर?"

"तर मी येते."

* * *

वैजयंताला जायची वेळ आली नाही. बारा दिवसांनी, दुपारी साडेतीनला, अल्ताफच प्रयोगशाळेत आला. दोन्ही हातांत कुंडी धरली होती. चारही फुलांच्या पाकळ्यांतून जांभळे पट्टे उतरले होते.

"अम्मी वहिफणीला गेलीय. तिनं अजून बघितलं न्हाई," तो म्हणाला. त्यानं कुंडी टेबलावर ठेवली. "मावशी, हे खरं बोलतंय का? का हेबी मागच्यासारखं?"

तिनं कुंडी उजेडाकडं वळवून पट्टे निरखले. "झाड खरं आहे, हे मला माहीत आहे. तुझ्या छातीत काय आहे ते मला माहीत नाही. ते यंत्र सांगेल. चल."

"आत्ता?"

"आत्ता. अजून केंद्र उघडं आहे."

मुख्याध्यापकांना सांगून ती निघाली. केंद्र शाळेपासून दहा मिनिटांवर. अल्ताफ दोन पावलं मागं चालत होता, पण येत होता. यादीत नाव लिहिताना त्याचं पेन क्षणभर अडलं. मग त्यानं पूर्ण नाव लिहिलं, पत्ताही.

चाळीस मिनिटं दोघं बाकावर बसली. मध्येच तो म्हणाला, "वरिसभरापासून येताय तुम्ही. दर रविवारी. मी आतनं बघायचो."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. क्षय होता. फोटोत डाव्या बाजूला, वर, नखाएवढा डाग. "लवकर आलात," त्या म्हणाल्या. "चार महिने. पहिले काही दिवस मास्क लावून वेगळ्या खोलीत झोपायचं. जवळच्या सगळ्यांना तपासायला पाठवा. फुप्फुसाला काही होणार नाही."

अल्ताफ बाहेर आला आणि गोळ्यांची पिशवी हातात धरून पायरीवर उभा राहिला. समोर रिक्षांची रांग होती. त्यानं फोन काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"जोयाला सांगावं लागंल," तो म्हणाला. तिच्याशीच त्याचा साखरपुडा झाला होता. "तिच्या घरी दोनदा जेवलोय या महिन्यात. तिच्या वडलांनी मोडलं तर?"

"मोडतील किंवा न मोडतील. मी तुला त्याची खात्री देऊ शकत नाही."

तो हसल्यासारखा झाला. मग पायऱ्या उतरून सायकल स्टँडपलीकडं गेला आणि भिंतीकडं तोंड करून फोन कानाला लावला. वैजयंता पायरीवर बसली. पाच मिनिटं झाली, सात झाली. तो एका हातानं भिंतीवरचा चुना खरवडत होता.

परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"रडली पहिल्यांदा. मग विचारली, तपासायला कुठं यायचं, आणि किती वाजता." त्यानं नाक पुसलं. "वडलांशी उद्या ती बोलणार हाय. मी म्हटलं मीच येतो बोलायला, तर म्हणाली, आधी पंधरा दिवस गोळ्या खा."

"शहाणी आहे."

"हाय की."

रिक्षावाल्यानं हाक दिली. अल्ताफनं आधी वैजयंताला बसू दिलं आणि मग स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी, मास्क लावून, तोंड बाहेर करून बसला. मोमीन गल्लीच्या तोंडाशी त्यानं रिक्षा थांबवली. मेहरून कामावरून आली होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता.

दाराशी तो थबकला. वैजयंता सवयीनं उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली.

"अम्मीला मी सांगतो," अल्ताफ म्हणाला. त्यानं दाराच्या दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या. "पण तुम्ही आत या. ती पहिल्यांदा तुमच्याकडंच बघंल."